चालता ट्रक एक्स्चेंजला द्यावा का?

निफाड, येवला, चांदवड या कांद्याच्या पट्ट्यात एक-दोन ट्रकवर संसार चालवणारे मालक पुष्कळ आहेत. गाडीचे हप्ते केव्हाच फिटलेले असतात, इंजिनाचा आवाज ओळखीचा असतो आणि गाडीने वाटेत दगा दिलेला नसतो. तरी दसरा-पाडवा जवळ आला की शोरूमची माणसे दारात येतात : जुनी द्या, वरचे कर्ज आम्ही करून देतो, नवी घेऊन जा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि या बोलण्याला आणखी जोर चढला. पुढचा निर्णय मात्र बऱ्याचदा धाब्यावर, पंपावर ऐकलेल्या गोष्टींवर होतो. त्यांतल्या काही साफ खोट्या आहेत आणि काही अर्ध्या खऱ्या. अर्धवट माहितीवर घेतलेला पाच वर्षांचा हप्ता घर खिळखिळे करतो, म्हणून त्या एकदा तपासून घेतल्या पाहिजेत.

“पंधरा वर्षे झाली की सरकार गाडी भंगारात काढते.”

सर्वांत जास्त भीती याचीच आहे, आणि याच भीतीपोटी चांगल्या गाड्या पडेल भावात जातात. केंद्राचे भंगार धोरण २०२१ मध्ये आले. खासगी मालकीच्या गाडीसाठी ते वयावर नव्हे, फिटनेसवर उभे आहे. पासिंग झाले तर गाडी चालते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण बंद करण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला, पण तो सरकारी गाड्यांना. दहा वर्षांच्या डिझेल गाडीची जी गोष्ट सांगितली जाते ती दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्राची आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तो आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरला. महाराष्ट्रातल्या गाडीला सरसकट तशी वयोमर्यादा नाही.

पण म्हणून वयाला काहीच अर्थ नाही, असेही नाही. मालवाहू गाडीचे फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी करावे लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने त्याचे शुल्क वाढवले. दहा वर्षांपासूनच चढते टप्पे आले आणि वीस वर्षांपुढच्या जड ट्रकसाठी ते २५,००० रुपयांवर गेले.

खरी रेषा वेगळीच आहे, आणि शोरूममध्ये तिच्याबद्दल क्वचितच कोणी बोलते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ८८ नुसार दोन ॲक्सलच्या ट्रकला, म्हणजे आपल्या सहाचाकीला, बारा वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही. दहाचाकी, बाराचाकी अशा मल्टी-ॲक्सल गाडीला ही मुदत पंधरा वर्षे आहे. त्यामुळे २०१४ ची सहाचाकी २०२६ मध्ये कितीही धडधाकट असली, तरी नॅशनल परमिटवर इंदूर, सुरत, हैदराबाद करू शकत नाही. तीच गाडी राज्याच्या परमिटवर नाशिक-वाशी किंवा उसाच्या फेऱ्या आणखी काही वर्षे निर्धास्त करू शकते. एकाच वयाची, एकाच कंपनीची गाडी एका मालकाने बदलावी आणि शेजाऱ्याने ठेवावी, हे दोन्ही बरोबर असू शकते. फरक पडतो तो गाडी कोणत्या रस्त्यावर कमावते याचा.

दिल्लीच्या आझादपूर मंडीत कांदा-द्राक्षे नेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ आणि त्याआधीच्या मालवाहू गाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत प्रवेश बंद झाला. बीएस-४ गाड्यांना ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुभा मिळाली. आपली गाडी कोणत्या टप्प्यातली आहे ते आरसीवर पाहावे. देशभर बीएस-४ आले १ एप्रिल २०१७ ला, बीएस-६ आले १ एप्रिल २०२० ला.

“दुरुस्तीला दोन लाख सांगितले, एवढ्यात नव्या गाडीचे डाउन पेमेंट होते.”

डाउन पेमेंट होते, हे खरे. पण दुरुस्तीचे दोन लाख एकदाच जातात आणि डाउन पेमेंटमागून हप्ता सुरू होतो. समजा, नवी गाडी रस्त्यावर यायला २८ लाख लागतात, जुनीचे ८ लाख आले आणि २० लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी घटत्या शिलकीवर १० टक्क्यांनी मिळाले. महिन्याचा हप्ता सुमारे ४२,५०० रुपये. वर्षाला ५ लाख १० हजार, आणि पाच वर्षांत नुसते व्याज साडेपाच लाख. शिवाय नव्या गाडीची विम्याची किंमत मोठी, म्हणून विमाही मोठा. दोन लाखांचे इंजिनकाम पाच महिन्यांच्या हप्त्यापेक्षा कमी पडते, आणि ते नीट झाले तर इंजिन पुन्हा काही वर्षे चालते.

दुरुस्तीच्या खर्चाची तुलना गाडीच्या बाजारभावाशी करण्याची सवय आपल्याला लागली आहे. तुलना करायची ती वर्षभराची दुरुस्ती आणि वर्षभराचे हप्ते यांची. दुरुस्तीच्या बाजूला उभ्या दिवसांचे बुडालेले भाडे धरायलाच हवे. कांदा-टोमॅटोचा माल भरलेला ट्रक दोन दिवस घाटात अडकला तर भाडे जाते, मालाची भरपाई द्यावी लागते आणि व्यापारी पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन करतो. उभे दिवस वर्षागणिक वाढत असतील, तर गाडी विश्वासू राहिलेली नाही. टायर, पाटे, क्लचप्लेट, ब्रेकलायनर ही मात्र झीज आहे. नव्या गाडीलाही ती चुकत नाही.

व्याजाचा दरही नीट विचारावा. “फक्त ७ टक्के फ्लॅट” ऐकायला स्वस्त वाटते. फ्लॅट म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर व्याज. २० लाखांवर पाच वर्षांचे ७ लाख आणि हप्ता ४५,०००. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो.

“नवी गाडी डिझेलमध्येच हप्ता फेडते.”

चार किलोमीटरच्या जागी साडेचारचे ॲव्हरेज मिळाले आणि महिन्याला ६,००० किलोमीटर पळाली, तर १,५०० ऐवजी १,३३३ लिटर डिझेल लागेल. लिटरला ९० रुपये धरले, तर महिन्याला १५,००० रुपये वाचले. ही रक्कम लहान नाही, पण ४२,५०० च्या हप्त्याला ती पुरत नाही. बहुतेक बीएस-६ ट्रकना डिझेलबरोबर डीईएफ लागते. गाडीवाले त्याला युरिया म्हणतात, आणि त्यात ३२.५ टक्के युरिया असतोच. ते संपले किंवा भेसळीचे निघाले, तर गाडीची ताकद कमी होते. सेन्सरचा बिघाड गावातल्या मिस्त्रीच्या पान्याने सुटत नाही, त्याला स्कॅनर लागतो. वॉरंटी आहे तोवर ही काळजी कंपनीची, नंतर आपली.

नव्या गाडीच्या बाजूने खरे वजन दुसऱ्याच गोष्टीला आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ॲक्सलवरच्या भाराची मर्यादा वाढवली. दोन ॲक्सलच्या गाडीचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले, तीन ॲक्सलचे २५ वरून २८.५ टन. त्याआधी नोंदलेल्या गाडीच्या आरसीवर जुना आकडा असेल, तर टनावर भाडे ठरणाऱ्या मालात नवी दहाचाकी प्रत्येक फेरीला कायदेशीरपणे जवळपास साडेतीन टन जास्त नेते. सिमेंट, साखर, खत वाहणाऱ्याने हिशेब इथून सुरू करावा. गवत, रिकामे क्रेट, फर्निचर वाहणाऱ्याची बॉडी वजनाआधीच भरते. त्याला या फरकाचा उपयोग नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकमध्ये चालकाची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले आहे. मे महिन्यात धुळे-इंदूर रस्त्यावर तापलेल्या केबिनमध्ये बसून रात्रीची झोप भरून काढणाऱ्या माणसासाठी ही चैन नव्हे. भाड्याच्या हिशेबात तिचा आकडा दिसत नाही, पण मालक स्वतःच चालक असेल तर त्याने तो मनाशी नक्की धरावा.

“नवी गाडी घेतली की टॅक्स वाचतो.”

दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेले बहुतेक मालक आयकरात गृहीत उत्पन्नाची योजना घेतात. त्यात १२ टनांपुढच्या गाडीचे उत्पन्न दर टनामागे महिन्याला १,००० रुपये धरतात आणि त्याहून हलक्या गाडीचे महिन्याला ७,५००. घसारा आणि व्याज त्यातच वजा झाले असे मानले जाते. त्यामुळे गाडी नवी असो वा दहा वर्षांची, कर तेवढाच. उलट जास्त टनांच्या गाडीवर तो थोडा वाढतो. ३० टक्के घसाऱ्याचा फायदा वह्या-हिशेब ठेवणाऱ्यांना मिळतो, आणि तिथेही जुन्या गाडीची आलेली किंमत आधी घसाऱ्याच्या रकमेतून वजा होते.

“एक्स्चेंजला दिली, किल्ली सोपवली, आता आपला संबंध संपला.”

हा सर्वांत धोक्याचा समज आहे. आरसीवर ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हे स्पष्ट केले. त्यातली गाडी एकापाठोपाठ एक अनेकांनी विकली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघात झाल्यावर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. ट्रकच्या अपघातातली भरपाई किती असते, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून वेगळे नियम आहेत. गाडी अशा विक्रेत्याच्या ताब्यात देताना फॉर्म २९-सी ऑनलाइन भरला गेला, की पुढची विक्री होईपर्यंत विक्रेता मालक मानला जातो. समोरचा खरोखर अधिकृत आहे का, हे आधी विचारावे. नसेल, तर फॉर्म २९ आणि ३० वर खरेदीदाराच्या नावाने सह्या घ्याव्यात. कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नये. जुन्या कर्जाचा बोजा फॉर्म ३५ आणि बँकेच्या एनओसीने उतरवून घ्यावा. क्लेम न केल्याचा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेतले तर नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते.

भाव विचारताना नव्या गाडीची किंमत एक्स्चेंजसह आणि एक्स्चेंजशिवाय अशी दोन वेगळ्या कागदांवर लिहून मागावी. जुनीला चढा भाव देऊन नवीवरची सूट गुपचूप काढून घेतलेली असेल, तर ती इथेच उघडी पडते. विक्रेत्याला स्वतःच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरायचा असतो, म्हणून तो बाहेरच्या खरेदीदारापेक्षा कमी सांगतो. तो फरक किती, हे दोन-तीन बाहेरचे भाव काढल्याशिवाय कळत नाही. व्यवहार झाल्यावर परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचे नाव बदलले का ते पाहत राहावे. बदलले नसेल, तर महिन्याच्या आत विक्रेत्याच्या दारात उभे राहावे आणि आरटीओला लेखी कळवून पोच घ्यावी.