कुक्कुटगृहातील मोटारीच्या झडपा अडकल्यास काय करावे?

तेल्हारा, अकोट भागात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. उन्हाळ्यात ती मुख्यतः धाप टाकून अंगातील उष्णता बाहेर काढते. त्यामुळे बंदिस्त कुक्कुटगृहात हवा खेळती राहिली नाही, तर थोड्याच वेळात मरतूक सुरू होते. पंखे चालू असूनही हवा आत येत नसेल, तर हवा आत घेणाऱ्या झडपा ताबडतोब पहाव्यात.

प्रथम पक्षी वाचवा

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी बाजूचे पडदे व दारे उघडावीत. पक्ष्यांना थंड पाणी द्यावे.

दोष कोठे आहे?

झडपेच्या मोटारीचा वीजपुरवठा बंद करून फ्यूज काढावा. मोटार व पाती यांना जोडणारी दांडी सोडवावी आणि पाती हाताने फिरवून पहावीत. पाती जड फिरल्यास दोष पात्यांत आहे. सहज फिरल्यास तो मोटारीत किंवा विजेत आहे. दांडी जोडलेली असताना पाती जोराने ओढू नयेत. मोटारीचे दाते तुटतात.

पात्यांतील दोष

सांध्यांत धूळ, पिसे व तूस अडकते. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात आणखी एक कारण असते. खाऱ्या पाण्याचे तुषार पात्यांवर वाळून पांढरा थर बसतो व पिना गंजतात. कोरड्या ब्रशने साफ करून गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावे व वाळू द्यावे. जाड ग्रीस लावू नये, त्यावर धूळ बसते. सिलिकॉनचा हलका फवारा पुरेसा होतो. वाकलेले पाते सरळ करावे.

मोटारीतील दोष

मोटार घुमते पण फिरत नसेल, तर विजेचा दाब कमी आहे का ते पहावे. पाती अर्ध्यावर थांबत असल्यास लिमिट स्विच सरकला असण्याचा संभव असतो. उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही पहावे. विजेची जोडणी मात्र जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

प्रतिबंध

१) आठवड्यातून एकदा झडपा पूर्ण उघडून व बंद करून पहाव्यात.
२) प्रत्येक तुकडी विकल्यावर पाती साफ करावीत.
३) कुलिंग पॅडच्या टाकीतील पाणी आटते, क्षार मात्र मागे राहून वाढत जातात. म्हणून टाकीतील थोडे पाणी नियमित सोडून ताजे पाणी भरावे. शक्य तेथे साठवलेले पावसाचे पाणी वापरावे.
४) ही सर्व तपासणी फेब्रुवारीअखेर उरकावी. उन्हाळ्यात बंद पडलेली झडप दुरुस्तीची वाट पहात नाही.