माहेर उसाच्या गावात असेल तर…

गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्यावर टोकदार खिळ्यांचा पट्टा! शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या बायका २०२५ च्या नोव्हेंबरात अशा शेतावर जाताना दिसल्या. एरवी असला पट्टा राखणीच्या कुत्र्याला बांधतात, कारण बिबट्या आधी मानच धरतो. फोटो पाहून हसू येईल, पण मैत्रिणींनो, त्याआधीच्या तीन आठवड्यांत पिंपरखेड आणि शेजारच्या जांबूत भागात तिघांचे जीव गेले होते. पाच वर्षांची एक मुलगी, ऐंशी ओलांडलेली एक आजी आणि तेरा वर्षांचा एक मुलगा. चिडलेल्या लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला, आणि ४ नोव्हेंबरच्या रात्री एका बिबट्याला गोळी घालण्यात आली.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आपण जातो ते जनावरांच्या घरी पाहुण्या म्हणून. इथे वाटतं, जनावरच आपल्याकडे पाहुणं आलंय. पण तसंही नाही हो! घोड, कुकडी, भीमेच्या पाण्यावर ऊस वाढला. वर्ष-दीड वर्ष उभं राहणारं ते दाट रान, शेजारी कुत्री नि शेळ्या. बिबट्याची मादी त्यातच विते. ही पिल्लं उसालाच घर समजतात. दौंडकडच्या भीमाकाठीही तीच कथा.

“मग पकडून लांब सोडा की!” असं आपण सहज म्हणतो. जुन्नर भागात २००१ पासून तेच झालं, आणि माणसांवरचे हल्ले उलट वाढले, असं विद्या अत्रेया यांच्या अभ्यासात दिसून आलं. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ बिबट्या तर चालत थेट मुंबईच्या बाजूला पोचला. (२०१४ चा उर्मिला मातोंडकरचा सिनेमा त्याच्यावरच होता.)

तेव्हा दिवाळीला, सुट्टीला पोरं घेऊन माहेरी जाल, त्या वेळी थोडं भान ठेवा. शहरातली मुलं अंगणात मोकळी सुटतात. तिन्हीसांजेला त्यांना घरात घ्याच, आणि परसाकडे एकटं पाठवू नका. खाली वाकलेलं, बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं, म्हणून गवत कापायला, भांडी घासायला बसताना दुसरी कुणी तरी उभी असावी. बोलत राहावं, मोबाइलवर गाणी लावावीत. मटणाचं, मासळीचं खरकटं घरामागे टाकायचं नाही. त्याला कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे तो येतो. शेळ्यांच्या गोठ्याला वरूनही जाळी हवी, हे वहिनीला सांगायला हरकत नाही. दिसलाच तर पळू नका, वाकू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरा. बघ्यांची गर्दी तर नकोच नको, तिला तो बिथरतो. वनखात्याचा फोन १९२६.

आणि ऊसतोडीत पिल्लं सापडली तर त्यांना उचलून फोटो काढू नका, बरं का. वनखात्याची माणसं येतात, पिल्लं तपासतात नि टोपलीत घालून जागच्या जागी ठेवतात. बहुतेक वेळा रात्री आई येते, एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. तोवर त्या फडात कोयता चालवायचा नाही.