रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत का पुरा होत नाही?

अचलपूरहून मूर्तिजापूरला येणारी ‘शकुंतला’ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. अडीच फुटी रुळांवरून ७६ किलोमीटरची वाट ती रमतगमत कापी. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरचा रुंद रूळमार्ग होता खरा. पण त्यावरची मेल कितीही धावो, अचलपूरचा माल मूर्तिजापूरला पोचायचा तो शकुंतलेच्याच चालीने!

संगणकातल्या नोंदींची जादा प्रत, म्हणजे बॅकअप, काढतानाही असेच होते. मजकूर एका डिस्कवरून वाचला जातो, तारेतून जातो, दुसऱ्या डिस्कवर लिहिला जातो. यांत जो सर्वांत मंद, त्याची चाल साऱ्यांची.

समजा, अमरावतीच्या एखाद्या अडत्याच्या पेढीत रात्री दहाला बॅकअप लावला आणि सकाळी मुनीमजी आले तरी तो अर्ध्यावरच. त्याच दिवशी मूळ डिस्क बसली, तर उधारीच्या नोंदी गेल्याच म्हणायच्या. मालक म्हणतात, “नवी डिस्क आणा.” जरा थांबा, आधी वाट तेवढी मोजा.

त्यासाठी आयपर्फ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. तो एका यंत्रावर ऐकत बसतो आणि दुसऱ्यावरून दहा सेकंद बनावट मजकूर धाडतो. हा मजकूर यंत्राच्या मेमरीत तयार होतो नि मेमरीतच संपतो. डिस्कचा संबंधच येत नाही, म्हणून मिळणारा आकडा वाटेचाच.

गिगाबिटच्या जोडणीत तो ९४० मेगाबिटच्या आसपास यावा. ९४ च आला तर? एक टेराबाइट मजकूर जिथे अडीच तासांत जायचा, तिथे जवळजवळ पुरा दिवस लागेल. कारण पुष्कळदा अगदी क्षुल्लक असते. तारेत चार जोड्या असतात; गिगाबिटला चारही लागतात, शंभर मेगाबिटला दोन पुरतात. उंदराने एक जोडी कुरतडली की यंत्रे मुकाट्याने शंभरावर उतरतात. काम बंद पडत नाही, म्हणून संशयही येत नाही! तार बदला, पुन्हा मोजा.

मोजणी मात्र बॅकअपच्याच वेळी करावी. दुपारच्या गर्दीतला आकडा रात्रीला लागू पडत नाही.

आकडा चांगला, तरी बॅकअप रेंगाळतोच? मग डिस्ककडे वळा. एक मोठी फाइल पाठवून पाहा. नंतर तेवढ्याच वजनाच्या हजारो बारीक फाइली पाठवा. रुईची एक गाठ उचलणे निराळे आणि तीच रुई मुठीमुठीने नेणे निराळे. बारीक फाइलींनाच वेळ लागत असेल, तर आधी त्यांची एक गाठ बांधून मग पाठवा.