सायकलवाले दादा आणि आमचा तीन किलोमीटरचा रस्ता

आम्ही माणहून बोलतोय. माण म्हटलं की पुष्कळजणींना साताऱ्याकडचा दुष्काळी माण तालुका आठवतो. आमचं माण ते नव्हे. हे मुळशी तालुक्यातलं, हिंजवडीला लागून असलेलं. आमच्या सासवा इथं गुडघाभर चिखलात भात लावायच्या. आज त्याच शिवारात आयटी पार्कचा तिसरा टप्पा उभा आहे, सगळे त्याला फेज थ्री म्हणतात. आमच्या गटातल्या कितीतरी जणी तिथल्या इमारतींत साफसफाईला, कँटीनला, पाळणाघरात कामाला जातात.

आजचा विषय सायकलचा. हसू नका, आम्हीही आधी हसलो होतो.

गटाचा आमचा सकाळी पोह्यांचा गाडा असतो. तिथं एक गिऱ्हाईक येतं. चाळिशीचे असतील. डोक्याला हेल्मेट, पाठीला सॅक, घामानं चिंब. कोथरूडहून पाषाण, सूस, नांदे, चांदे करत सायकलवर येतात आणि कंपनीत जाऊन कपडे बदलतात. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, गाडी बिघडली असेल. आठवड्यात तीनदा दिसायला लागले तेव्हा आमच्यातल्या एकीनं विचारलंच, "दादा, पगार होत नाही का वेळेवर?" ते इतके हसले की हातातले पोहे सांडले. तेव्हापासून ते आमचे सायकलवाले दादा.

दादांकडं मतांचा तोटा नाही. एका प्लेटीमागं एक मत फुकट. त्यातली काही आम्हाला पटली, काही अजिबात पटली नाहीत. दोन्ही सांगतो.

हिंजवडीचं ट्रॅफिक तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. सकाळी नऊला मोटारी मुंगीच्या चालीनं सरकतात. दादा म्हणतात, इथं माणसांची गर्दी नाहीच, गर्दी पत्र्याची आहे. एका मोटारीच्या जागेत पाच-सहा सायकली मावतात, आणि मोटारीत बसलेला बहुतेक वेळा एकटाच असतो. चाळीस माणसं एका बसमध्ये बसली तर रस्ता रिकामा दिसतो, तीच चाळीस माणसं चाळीस मोटारींत बसली की चौक बंद. हे आम्हाला लगेच पटलं, कारण त्या चौकात गाडा लावून आम्ही रोज तेच बघतो. पुढं ते म्हणाले, रस्ता रुंद केला की थोडे दिवस मोकळा राहतो, मग मोकळा आहे म्हणून आणखी मोटारी येतात. यावर आमच्यातल्या एकीनं सांगितलं, फडताळ मोठं केलं की भांडी वाढतात, तसंच हे.

पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. कारखान्यातला कामगार, कॉलेजातली मुलगी, पोस्टमन, भाजीवाला, सगळे सायकलवर. ज्याच्याकडं स्वतःची नाही तो तासाच्या भाड्यानं घ्यायचा. मग १९७२ साली कायनेटिकची लुना आली, पुढं स्कूटर आली, मोटारसायकल आली, आणि सायकल जिन्याखाली गेली. आता पुण्यात कर्वेनगरला जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे. एखादी वस्तू संग्रहालयात गेली की समजायचं काय ते. महापालिकेनं सायकल मार्ग बांधले, २०१७ साली शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमाराला मोबाईलवर कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकलीही आल्या. त्या काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. पुष्कळ सायकल मार्गांवर आज गाड्या उभ्या असतात. दादांचं म्हणणं, मार्ग तुकड्यातुकड्यात बांधला की तो मार्ग राहत नाही. विहिरीपर्यंत अर्धीच पाइपलाइन टाकली तर नळाला पाणी येईल का?

इथपर्यंत दादांचं आणि आमचं जुळलं. मग एक दिवस ते म्हणाले, "तुमचं गाव होतं तसंच राहायला हवं होतं. छोटे रस्ते, झाडी, शांतता." तिथं आमचं वाजलं. त्या छोट्या रस्त्यावरून पावसाळ्यात बाळंतीण दवाखान्यात कशी न्यायची, ते आम्ही भोगलंय. जमिनी गेल्या त्याचं दुःख आहे, पण त्याच रस्त्यानं आमच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पगार आला. दादा सायकल हौसेनं चालवतात, त्यांच्या घरी मोटार झाकून ठेवलेली आहे. साहेब सायकलवर दिसला की लोक म्हणतात, तब्येत जपतो. आमच्यातली बसली की म्हणतात, एवढी वाईट वेळ आली का हिच्यावर? हा फरक दादांच्या ध्यानात नव्हता. आम्ही सांगितला तेव्हा ते गप्प बसले, हा त्यांचा चांगुलपणा.

गप्प बसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही कामाला कशा जाता?"

आमच्यातल्या एका मैत्रिणीचा हिशेब त्यांनी तिथंच कागदावर मांडला. घर ते काम तीन किलोमीटर. चालत गेली तर पाऊण तास. शेअर रिक्षानं गेली तर एका वेळचे वीस, म्हणजे दिवसाचे चाळीस, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर एक हजार चाळीस रुपये. साधी लेडीज सायकल सहा हजाराला धरली तर सहा महिन्यांत तिचे पैसे वसूल. तीन किलोमीटरला सायकलवर पंधरा मिनिटं. म्हणजे पायी जाण्यातला रोजचा एक तास वाचला. आणि सकाळचा अर्धा तास म्हणजे काय, ते ज्या बाईला पाणी भरून, डबे करून, पोराची वेणी घालून निघायचं असतं तिलाच विचारा.

"मग सायकल का नाही घेत?" दादांचा सरळ प्रश्न. उत्तर कुणाला देता येईना. त्या दिवशी गाड्यावर आणि आजूबाजूला आम्ही अकराजणी होतो. सायकल येत होती दोघींना. त्या दोघींनीही शेवटची चालवली सातवीत असताना. पुढं काय झालं? एकीची सायकल धाकट्या भावाला गेली. दुसरीला आजी म्हणाली, आता मोठी झालीस, बरं दिसत नाही. पाय दोघींचेही शाबूत होते.

ही गोष्ट आमच्या मनाला लागली. म्हणून चौकशी केली की दुसरीकडं कुठं बायांनी हे केलंय का. केलंय, आणि आपल्यासारख्याच बायांनी केलंय. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे, कोरडा, गरीब. तिथं १९९१ साली साक्षरतेची मोठी मोहीम चालली होती. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत या बाई होत्या. वर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्या मुलींना गावोगाव जायला वाहन नव्हतं, म्हणून अक्षरांबरोबर सायकलही शिकवायचं ठरलं. आणि मग ते वेडच लागलं. शेतमजूर, खाणीतल्या खडी फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या, बालवाडीच्या बाया, सगळ्या शिकायला लागल्या. बँकांकडून सायकलीसाठी कर्ज मिळायची सोय झाली. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायांनी पुरुषांची दांडीवाली सायकल घेतली, आणि दांडीवर पोर बसवता येतं म्हणून तीच बरी असंही काहीजणी म्हणू लागल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं लिहून ठेवलंय. एक लाखाच्या वर ग्रामीण बाया शिकल्या. लोक काय काय बोलले! घाणेरडे शेरे मारले. बाया चालवत राहिल्या. फायदा कशात झाला तर अगदी साध्या गोष्टीत. बसची वाट बघण्यात जाणारा वेळ वाचला, माल विकायला एकाऐवजी तीन गावं करता आली, पाण्याची घागर कॅरिअरला बांधून आणता आली. आणि कुठं जायचं तर नवऱ्याला, भावाला, मुलाला "सोड ना रे मला" म्हणणं थांबलं. आम्हाला सगळ्यात जास्त भावलं ते हे शेवटचं.

बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी सरकारनं पैसे दिले, तेव्हा दूरच्या गावांतल्या मुली मोठ्या संख्येनं हायस्कुलात टिकल्या. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. तुमचा तालुका त्यात असेल तर शाळेत विचारा. आणि वय झालं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या प्रीती म्हस्के यांचं उदाहरण. दोन मुलांची आई, पंचेचाळिसाव्या वर्षी २०२२ च्या जूनमध्ये लेह ते मनाली हा घाटांचा रस्ता त्यांनी ५५ तास १३ मिनिटांत सायकलवर पार केला. आपल्याला मनालीला जायचं नाही, फेज थ्रीला जायचंय.

आता शिकायचं कसं ते. लहानपणी भाऊ मागून कॅरिअर धरायचा, सोडून द्यायचा आणि गुडघे फुटायचे. मोठ्या बाईला ते झेपत नाही, भीती बसते. दादांनी दाखवलेली पद्धत सोपी आहे. सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील. दोन्ही पायडल काढून टाका. डावा पायडल उलट्या आट्याचा असतो, म्हणून सायकलवाल्याकडूनच काढून घ्या, उगाच जोर लावून आटे घालवू नका. मग सीटवर बसून पायानं जमीन मागं ढकलत नुसतं पुढं जायचं, अगदी थोड्या उतारावर. तोल जायला लागला की पाय टेकायचे. नजर चाकाकडं नाही, समोर. दोन-तीन दिवसांत पाय उचलून वीस-पंचवीस फूट जाता येतं. तोल आला, म्हणजे सायकल आली. मग पायडल लावायचे. आमच्यातल्या पन्नाशीच्या एकीला आठ दिवस लागले. ती पडली एकदाच, आणि तीही थांबल्यावर, उतरताना.

साडीची अडचण खरी आहे. चेनला पूर्ण कव्हर हवं, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी हवी, पदर खोचलेला, ओढणी गाठ मारलेली. लोंबतं काही नको. ब्रेक दोन्ही एकदम दाबायचे. उतारावर नुसता पुढचा दाबलात तर सायकल तुम्हाला पुढं फेकेल.

रस्त्यावरचे नियमही थोडे सांगतो, कारण आमच्याकडं डंपर आणि सिमेंटचे मिक्सर फार. डाव्या बाजूनंच चालवायचं, समोरून गाडी दिसते म्हणून उलट्या बाजूनं नाही. मोठी गाडी वळत असेल तेव्हा तिच्या डाव्या अंगाला घुसू नका. ड्रायव्हर वर बसलेला असतो, दाराखालचा तो कोपरा त्याला दिसतच नाही. त्याचा चेहरा तुम्हाला आरशात दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. थांबा, जाऊ द्या. अंधारात मागं लाल दिवा आणि मडगार्डला चमकणारी पट्टी लावा. पावसाळ्यात डबक्यातून जाऊ नका, आत खड्डा केवढा ते वरून कळत नाही.

पण एवढं करूनही रस्त्याला कडच नसेल तर बाईनं चालवायचं कुठं? आमच्याकडं डांबर संपलं की थेट चर. यासाठी आम्ही अर्ज घेऊन गेलो तर एका कार्यालयानं दुसरीकडं पाठवलं, दुसऱ्यानं तिसरीकडं. तेव्हा कळलं की आमच्यासारख्या गावात पहिला प्रश्न 'रस्ता कधी' हा नाही, 'रस्ता कुणाचा' हा आहे. आयटी पार्कमधले रस्ते एमआयडीसीचे, काही पीएमआरडीएच्या कामातले, काही जिल्हा परिषदेचे किंवा बांधकाम विभागाचे, आतले ग्रामपंचायतीचे. अर्ज चुकीच्या दारात पडला की तो मेला. म्हणून आधी ग्रामपंचायतीकडून रस्त्याची मालकी लेखी विचारून घ्या. आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, हे बऱ्याचजणींना माहीत नसतं. तिथं ठराव करून तो ग्रामसभेत न्या.

आमच्या ठरावात चार गोष्टी आहेत. रस्त्याच्या कडेला सपाट, भरलेली पट्टी. गतिरोधकांना पांढरे पट्टे. बोडकेवाडी, भोईरवाडीकडच्या वाटेवर दिवे. आणि मेट्रोच्या स्थानकाजवळ सायकलींना छपराचा स्टँड. माण ते शिवाजीनगर ही तेवीस किलोमीटरची मेट्रो मार्गिका, २०१८ च्या डिसेंबरात तिचं भूमिपूजन झालं, डेपो आमच्याच गावात. पण स्थानकापर्यंत वाडीतल्या बाईनं रिक्षाला वीस रुपये देऊनच जायचं असेल तर ती कुणाची?

यावर कुणी म्हणेल, बायांचं कोण ऐकतं. हॉलंड देशात आज घरटी सायकली आहेत, पण तिथंही मोटारींनी रस्ते भरले होते. १९७१ या एका वर्षात तिथं चारशेच्या वर मुलं रस्त्यावर मेली. तेव्हा आया मुलांना घेऊन रस्त्यात बसल्या, रस्ते अडवले, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आजचे तिथले सायकल मार्ग त्या बसण्यातूनही आलेत. आम्ही लगेच रस्त्यात बसणार नाही. आधी ठराव, मग स्मरणपत्र, मग बघू.

दर रविवारी सकाळी सातला शाळेच्या मैदानावर आमचा सायकलीचा वर्ग असतो. सायकली सध्या तीनच आहेत, एक गटाच्या कर्जातून घेतलेली, दोन जुन्या दुरुस्त केलेल्या, म्हणून पाळीनं शिकावं लागतं. येताना पंजाबी ड्रेस किंवा नऊवारी काष्टा, दोन्ही चालतं. पाने आणि पंप दादा आणतात. पोहे आमचे.