पिळलेल्या धामणीचें धनुष्य

कयाधूच्या कांठीं आमच्या बांधावर वडिलांनीं राखलेली धामण होती. गतसालच्या ज्येष्ठांत ती वादळानें उन्मळून पडली. गांवच्या सुतारानें ओंडका न्याहाळून म्हटलें, "अण्णा, ह्याला पीळ आहे. जळणांत घाला." मला तें मानवलें नाहीं. ह्या झाडाचें संस्कृत नांवच धनुर्वृक्ष. लांकूड चिवट व लवचिक, म्हणून कावडीच्या दांड्यास व धनुष्यास तें पूर्वापार चालत आलें आहे. शिवाय रब्बी ज्वारी हुरड्यास आली कीं राघूंचे थवे उतरतात, आणि गोफणीचा दगड कित्येकदां आपलींच कणसें मोडतो. तेव्हां माळ्यावरील राखणदारासाठीं गलोल करावी, असें ठरविलें. गलोल म्हणजे दोन तंतूंचें धनुष्य. मध्यें मातीच्या गोळीसाठीं कातड्याची लहान झोळी असते. मात्र १९७२ च्या कायद्यानें वन्य पाखरें मारण्यास बंदी आहे. गोळी थव्याच्या वरून सोडावयाची, थव्यांत नव्हे.

पहिला तुकडा मीं करवतीनें सरळ कापून घेतला, आणि तेथेंच चुकलों. आयुष्यभर पाहणीपत्रकांत रेघा ओढल्यामुळें सरळ रेघेचा मोह सुटला नव्हता! पिळाच्या लांकडांतले धागे तिरपे धांवतात. करवत ते मधेंच तोडते. तुटलेल्या धाग्यापाशीं चीर पडून तें धनुष्य ऐन ओढींत मोडलें, व मनगट आठ दिवस सुजून राहिलें.

दुसरा तुकडा पाचरी ठोकून फाडला. फाळ धाग्याच्या मागें जातो, म्हणून तो सापासारखा वळसा घेऊनच निघाला. दोन्ही टोकांस शेणमाती लिंपून त्याला गोठ्याच्या माळवदाखालीं वर्षभर सांवलींत ठेविलें. टोकें उघडीं राहिल्यास तीं आधीं वाळून फाटतात.

कार्तिकांत काम धरलें. सालीखालचा थर, म्हणजे धनुष्याची पाठ, अभंग ठेवून वाकसानें केवळ पोट उतरविलें. मग मधला भाग तेल लावून निखाऱ्यांवर धरला. हातास सोसवेना इतका तापल्यावर एक टोक खांबास जखडलें, दुसऱ्यास आडवी काठी बांधून उलट पीळ दिला व निवेपर्यंत तसेंच ठेविलें. ज्वाळेवर धरल्यास लांकूड करपतें व पुढें तेथेंच दगा देतें. दोनदां असें केल्यावर बराच पीळ गेला. उरलेला मीं मुद्दाम काढला नाहीं. धनुष्य डोळ्यास सरळ दिसणें महत्त्वाचें नाहीं. तंतू मुठीपाशीं कोठून जातो, हें पाहावयाचें. गलोलींत तो किंचित् बाजूनें गेला तर फायदाच, कारण गोळी अंगठ्यावर आदळत नाहीं.

गांठ आली तेथें लांकूड थोडें जाड राखावें. इंग्लंडचें 'मेरी रोझ' जहाज १५४५ सालीं बुडालें व १९८२ सालीं वर काढलें. त्यांत शंभराहून अधिक धनुष्यें मिळालीं. त्यांच्या कारागिरांनींही गांठीपाशीं हात आंवरलेला दिसतो.

शेवटचें काम धीराचें. धनुष्य भिंतीस टांगून दोरीनें हळूहळू ओढावें व दुरून पाहावें. जें अंग ताठ राहील तेवढेंच खरवडावें. जें अधिक वांकेल त्यास हात लावूं नये. ह्यांत माझे चार दिवस गेले. एका सायंकाळीं दोन्ही बाहू सारखे वांकले, तेव्हां सुतार पाहावयास आला होता. त्यानें तंतू ओढून पाहिला व उरलेल्या ओंडक्याची किंमत विचारली.