पॅरिसचं पत्र : तारेतला फॉस्फरस



कीर्तनात आणि नाट्यपदांत आपण ऐकतो ती पेटी मुळात या शहरातली. हार्मोनियमचं पेटंट अलेक्झांद्र दबँ यांनी 1842 मध्ये इथेच घेतलं. आज लिहितोय ते मात्र तिच्याहून जुन्या वाद्याबद्दल, हार्पसिकॉर्डबद्दल. अठराव्या शतकातली फ्रेंच वाद्यं समोर ठेवून कारागीर आज ते नव्याने घडवतात.

दिसायला ते लांबट पियानोसारखं. पण पियानोत तारेवर हातोडी पडते, इथे तार छेडली जाते. पट्टी दाबली की जॅक नावाची एक चपटी लाकडी काडी वर उचलली जाते. तिच्यात पिसाच्या देठाचं टोक बसवलेलं असतं, ते तार छेडून वर जातं. खरी करामत परतीच्या वाटेवर आहे. टोक ज्या छोट्या जिभेत बसवलेलं असतं ती मागे कलते, टोक तारेला न छेडता खाली सरकतं आणि रानडुकराच्या राठ केसाची स्प्रिंग जिभेला पुन्हा जागेवर आणते. जॅकवरचा कापडाचा तुकडा तारेवर टेकला की सूर थांबतो. 61 पट्ट्या आणि तीन तारसंच म्हणजे असे 183 जॅक. आजकाल पिसाऐवजी बहुतेक जण प्लास्टिक वापरतात, पण प्रत्येक टोक चाकूने तासायचं, वाजवून बघायचं, पुन्हा तासायचं, हे काम अजून हातानंच होतं.

पास्काल तास्कँ हे या कलेतलं मोठं नाव. पियानो आला, मग फ्रेंच राज्यक्रांती झाली, सरदारांच्या वाड्यांतली वाद्यं जप्त झाली आणि हार्पसिकॉर्ड मागे पडलं. तास्कँचं 1769 सालचं एक वाद्य त्यांच्याच वंशातल्या एका गायकाकडे होतं. 1882 मध्ये ते दुरुस्त झालं, पियानो बनवणाऱ्या एरार कंपनीने त्याचा अभ्यास केला आणि 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात नवी हार्पसिकॉर्डं मांडली गेली. पण ती घडवणारे हात पियानोला सरावलेले. वाद्य जड होत गेलं, प्लेयेल कंपनीने तर पुढे लोखंडी चौकटही घातली. जुन्या वाद्याची तबली, म्हणजे तारांखालची पातळ फळी, सुमारे तीन मिलिमीटर जाड असते. ती मोकळी घुमली नाही तर उरलं काय? 1949 पासून बॉस्टनच्या फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाउड यांनी जुन्या मापांकडे परतायचा आग्रह धरला. 1971 मध्ये डाउड यांची कार्यशाळा पॅरिसमध्येही सुरू झाली. तास्कँचं ते वाद्य आता एडिनबरात आहे. जगात सर्वाधिक नकला झालेल्या हार्पसिकॉर्डांत त्याची गणना होते.

ज्यांची उमेदीची वर्षं भिलईच्या पोलाद कारखान्यात गेली, त्यांच्यासाठी पुढची गोष्ट मुद्दाम सांगतो. पोलाद करताना फॉस्फरस नको असतो. त्याने धातू ठिसूळ होतो, म्हणून चुना घालून तो मळीत काढतात. पण जुन्या वाद्यांच्या लोखंडी तारा तपासल्या तेव्हा त्यांत कार्बन अगदी थोडा आणि फॉस्फरस भरपूर निघाला! तारेला कडकपणा आला होता तो त्यानेच. अशी तार तुटायच्या बेताला ताणली की स्वच्छ वाजते. आजची पोलादी तार कितीतरी बळकट, त्यामुळे त्याच लांबीला आणि त्याच सुराला ती तुटण्याच्या मर्यादेपासून फार दूर राहते आणि आवाज मंदावतो. म्हणून काही जण आता जुन्या धर्तीचं लोखंड मुद्दाम करवून घेतात.

फ्रान्सबद्दल मला सर्वांत भावतं ते हे, की इथे असं ज्ञान कुलुपात ठेवत नाहीत. ला व्हिलेतमधलं संगीत संग्रहालय स्वतःच्या संग्रहातल्या वाद्यांचे मोजून काढलेले नकाशे विकतं, ते कुणीही घ्यावेत. आपल्याकडे मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आनंद आहेच. पण गाजलेल्या जुन्या तंबोऱ्यांचीही अशीच मोजणी व्हावी, असं मला मनापासून वाटतं. तबलीची जाडी, घोडीचा उतार, भोपळ्याचा घेर, तारेचा व्यास, सगळं कागदावर यावं, आणि तो कागद मिरजेतल्या नव्या कारागिराला सहज विकत मिळावा.