धुराची वाट

मोटार सुरू झाली की मागच्या नळीतून धूर निघतो, हे तुम्ही पाहिले असेल. तो तेथे कसा पोहोचतो?

इंजिनात चार सिलिंडर असतील, तर जळालेला वायू चार तोंडांतून बाहेर पडतो. त्याला एका नळीत आणणाऱ्या भागाला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. कारखान्यात तो बहुधा बिडाचा ओततात. जुन्या गाडीचा मॅनिफोल्ड तडकला आणि नवा मिळाला नाही, तर कुशल कारागीर पोलादी नळ्यांपासून तो स्वतः तयार करतो.

आधी तो जाड पोलादी पट्टीला इंजिनाच्या तोंडांप्रमाणे भोके पाडतो. वेल्डिंगच्या उष्णतेने पट्टी वाकते. म्हणून तिला जाड लोखंडी ठोकळ्यावर बोल्टांनी आवळतो. मग वाकवलेल्या नळ्या जुळवून वेल्डिंगचे लहान टाके देतो. माप बरोबर आले, की सांधे पूर्ण जोडतो. जस्ताचा मुलामा असलेली नळी मात्र वापरू नये. वेल्डिंग करताना तिच्यातून अपायकारक धूर निघतो.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. पण तो प्राण घेऊ शकतो. म्हणून शेवटी कारागीर प्रत्येक सांधा तपासतो. एक बारीक छिद्र राहिले, तरी तो सांधा पुन्हा जोडतो.